सिंत्रात संत्रं नव्हतं

पंचवीस वर्षं मी अकरावीच्या वर्गात एक गोष्ट ठासून सांगत आले. पोर्तुगालमध्ये सिंत्रा नावाचं गाव आहे, तिथली फळं पोर्तुगीजांनी इकडे आणली, म्हणून आपलं 'संत्रं'. नागपूरची पोरं हे ऐकून खूश व्हायची. मला कुणी सांगितलं होतं ते आठवत नाही. बहुधा माझ्याच शाळेतल्या बाईंनी. इंग्रजी शिकवायला लागल्यावर इतर शब्दांची मुळं कोशात पाहायची सवय लागली, पण हे एक तपासावंसं कधी वाटलं नाही. गोष्टच इतकी गोड होती.

निवृत्त झाले तेव्हा लंडनला असलेली लेक म्हणाली, "आई, आता एकदा सिंत्रा बघूनच घे." नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं नागपूरहून निघालो. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची तयारी चालू होती, दुभाजकांना रंग लागत होता. "आपण गेल्यावरच रस्ते चांगले होऊन राहिलेत," असं म्हणत हे गाडीत बसले. हे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे रस्त्यांबद्दल बोलायचा त्यांना अधिकार आहे.

पहिला दिवस : लिस्बन

लेक लंडनहून आदल्या रात्रीच येऊन थांबली होती. सकाळी न्याहारीच्या टेबलावर चीजच्या शेजारी तांबूस, घट्ट, सुरीनं कापता येईल अशी वडी होती. आंबावडीसारखी दिसणारी, पण किंचित तुरट. पाटीवर लिहिलेलं 'मार्मेलादा'. लेकीला हसू आलं. लंडनमध्ये ती रोज पावाला मार्मलेड लावते, ते संत्र्याच्या सालीचं, बरणीतलं. इथे संत्र्याचा पत्ताच नाही. पोर्तुगीजमध्ये 'मार्मेलु' म्हणजे ज्याच्या बिया आपण खोकल्यावर बिहीदाणा म्हणून भिजत घालतो ते फळ. त्याची वडी ती मार्मेलादा. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ती डब्यांत भरून इंग्लंडला जायची, आठव्या हेन्रीला तिचा डबा भेट आल्याचीही नोंद आहे. पुढे इंग्रजांनी फळ बदललं आणि नाव तेच ठेवलं. स्कॉटलंडची राणी मेरी आजारी असताना 'मारी मालाद' (फ्रेंचमध्ये 'आजारी मेरी') म्हणून हा पदार्थ करत, अशी एक गोष्ट इंग्रज अजून सांगतात. मेरीच्या जन्माआधीपासून शब्द इंग्रजीत होता, पण गोष्ट गोड आहे. (तेव्हा मी मनात इंग्रजांना हसले. दोन दिवसांनी माझीच पाळी होती.)

अल्फामाच्या चढउतारांच्या गल्ल्यांत एका ठिकाणी कपडे धुण्याचे सिमेंटचे हौद होते. तिथल्या बाईनं हौदाला 'तांक' म्हटलं आणि हे एकदम थबकले. "अगं, हे तर टाकं!" गडावर गेलं की हे आधी पाण्याची टाकी मोजतात. 'टँक' हा शब्द इंग्रजीत भारतातूनच गेला. पण इथे दोन ओहोळ मिळालेले दिसतात. एक आपल्याकडचा, गुजराती-मराठी टाकं-टांकीचा. दुसरा पोर्तुगीजांचा स्वतःचा, पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदाशी नातं सांगणारा. भारतात आलेल्या पोर्तुगीजाला आपलं टाकं ऐकून आपलाच शब्द कानी पडल्यासारखं वाटलं असेल. इंग्रजानं दोघांकडूनही ऐकला. ह्यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते टाकं आपलंच, बाकी सगळे चोर.

दुपारी जेवायला शाकाहारी काय मिळेल हे शोधताना मेनूवर पहिलाच शब्द 'बीफ' दिसला आणि माझी भूक गेली. प्रत्यक्षात तो 'बिफ' म्हणजे कुठल्याही मांसाचा तळलेला तुकडा. इंग्रजीतल्या 'बीफ'चाच तो पोर्तुगीज अवतार, पण इथे तो माशाचासुद्धा असू शकतो. तसंच 'पुदीं' म्हणजे पुडिंग, 'लांश' म्हणजे लंच, तेही दुपारच्या जेवणाचं नव्हे, मधल्या वेळच्या खाण्याचं. म्हणजे उधारी एकतर्फी नव्हती. आम्ही उकडलेले बटाटे आणि कोबी खाल्ला, शेवटी पुदीं, आणि मग चहा मागितला. चहाला ते 'शा' म्हणतात. लिहिताना 'च'च, पण आज उच्चार 'श' झालाय. जहाजं चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला लागायची त्या काळी तो 'चा'च होता.

मकाववरून आठवलं. आमच्या वाटाड्या मुलानं सांगितलं, की ब्रागांझाची कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून गेली तेव्हा तिच्या चहाच्या खोक्यांवर 'सुगंधी वनस्पतींची वाहतूक' अशा अर्थाच्या तीन पोर्तुगीज शब्दांची आद्याक्षरं होती, टी-ई-ए, म्हणून इंग्रजीत 'टी'. मी गप्प बसले. कॅथरीननं १६६२ साली जाऊन इंग्रज दरबाराला चहाची गोडी लावली हे खरं, आणि तिच्या आंदणात आपली मुंबई गेली हेही खरं. पण 'टी' हा चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरच्या बोलीतला 'ते', तो डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेला. पोर्तुगीजांचं बंदर मकाव, तिथे कँटनी बोलणारे लोक, म्हणून त्यांचा 'चा'. आपला चहा त्याच घराण्यातला. राणी पोर्तुगालची आणि शब्द डचांचा, हे त्या मुलाला सांगून काय उपयोग? पाहुणे खूश होतात, त्याला चार पैसे सुटतात.

दुसरा दिवस : बेलें

पाऊस. मॉन्सून नव्हे, नुसता पाऊस. 'मॉन्सून' हाही इथूनच गेलेला. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेला हंगाम, जहाजं सोडण्याचा. त्याचं पोर्तुगीज 'मोंसाँव', तिथून डचांच्या तोंडून इंग्रजीत. आपल्याकडे पाऊस तोच, आणि आपण 'मौसमी वारे' असं थेट अरबीला धरून म्हणतो.

बेलेंचा बुरुज बाहेरूनच पाहिला. तळाशी एका लहान बुरुजीखाली दगडी गेंड्याचं झिजलेलं डोकं आहे. हा गेंडा आपल्या शेजारचा. गुजरातच्या सुलतानानं तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला भेट दिला, गोव्याहून जहाजात चढवला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरवला. जर्मन चित्रकार ड्यूररनं तो न पाहता, आलेल्या वर्णनावरून काढला. लोक त्याला 'गंडा' म्हणत, म्हणजे आपलाच गेंडा. राजानं पुढे तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. शब्दही फार तरला नाही. आज पोर्तुगीज आणि इंग्रजी दोन्ही भाषांत त्या प्राण्याचं ग्रीक नावच चालतं. दक्षिणेकडून आलेल्या जिनसांची नावं मात्र टिकली. आंब्याचं 'मँगो', खोबऱ्याचं 'कोप्रा', काथ्याचं 'कॉयर', सागवानाचं 'टीक', फणसाचं 'जॅक', विड्याच्या पानाचं 'बेटल' ही सगळी मल्याळम-तमिळ नावं पोर्तुगीज तोंडातून इंग्रजीत गेली. तो गेंडा आला आणि बुडाला. खोबरं दरवर्षी येत होतं.

जेरोनिमूस मठात वास्को द गामाची समाधी. त्याच्या पहिल्या सफरीबरोबर गेलेल्या कुणीतरी लिहिलेल्या वृत्तांतात 'वरांदा' हा शब्द येतो. म्हणजे १४९८ साली कालिकतला उतरलेला माणूस हा शब्द घरूनच घेऊन आला होता. लहानपणापासून मी ऐकत आले की 'व्हरांडा' हा इंग्रजांनी भारतातून नेलेला शब्द. इंग्रजांनी तो भारतातून नेला हे खरंच, पण भारतात तो आधी पोर्तुगीजांनी आणून ठेवला होता. ह्यांना मी हे समाधीपाशीच सांगितलं. आयुष्यभर सरकारी विश्रामगृहांचे व्हरांडे दुरुस्त केलेला माणूस. "म्हणजे टाकं आपलं आणि व्हरांडा त्यांचा," हे म्हणाले. हिशेब मिटला.

तिसरा दिवस : सिंत्रा

रोसियू स्थानकातून सिंत्राला गाडी जाते, चाळीसेक मिनिटं. स्थानकाच्या दारांच्या कमानी घोड्याच्या नालासारख्या. पाटीवर आगगाडीला 'कोंबॉयु' लिहिलेलं पाहून ह्यांनी मोठ्यानं वाचलं, "कॉन्व्हॉय?" मी हसले, पण ते बरोबरच होते. फ्रेंचमधला एकच शब्द दोघांनी घेतला. इंग्रजीत तो संरक्षणात चालणारा ताफा राहिला, पोर्तुगीजमध्ये एकामागून एक डबे जोडलेली गाडी झाला.

गाव डोंगरात, दाट धुकं, राजवाड्याच्या दोन पांढऱ्या निमुळत्या चिमण्या आभाळात घुसलेल्या. आपल्याकडे चिखलदऱ्याला असतो तसा ओला गारवा. मी मात्र फळवाल्यांकडे बघत चालले होते. एका चढावर म्हातारी बाई टोपल्या मांडून बसली होती, त्यांत केशरी, पानासकट फळं. माझं हृदय भरून आलं. मी बोट दाखवून म्हटलं, "संत्रा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हात लांब करून गावाकडे दाखवलं. "सिंत्रा," ती म्हणाली. मी पुन्हा फळाकडे बोट केलं. "संत्रा!" तिनं पुन्हा गाव दाखवलं, या वेळी जरा मोठ्यानं, बहिऱ्याला सांगतात तसं. लेकीनं मध्ये पडून विचारलं तेव्हा कळलं. ह्याला लरांझा म्हणतात, दुसरं काही नाही.

लरांझा. फलाटाकडे परतताना मी तो शब्द तोंडात घोळवत होते. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', पोर्तुगीजमध्ये पहिला न जाऊन ल आला, आणि फ्रेंच-इंग्रजीत तो न गळूनच पडला, 'ऑरेंज' झालं. म्हणजे इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांचा शब्द एक, पण एकमेकांकडून घेतलेला नाही. दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं आपलं नारिंग नेलं. गंमत पुढे आहे. पोर्तुगीजांनी गोड संत्री युरोपात पसरवली, तर अरबीत त्या फळाचं नाव 'बुर्तुकाल' पडलं, तुर्कीत 'पोर्तकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली'. फळाला देशाचं नाव मिळालं, पण त्यांच्या भाषेत. आपल्या नाही.

रात्री लेकीनं फोनवर 'हॉब्सन-जॉब्सन' उघडला. यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा हा कोश म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या शब्दांचं माहेर. तिनं 'ऑरेंज' काढून माझ्यासमोर धरलं. सिंत्रावरून संत्रं ही समजूत तेव्हाही होती, आणि यूलनंच तिथे बाबर आडवा आणला आहे. बाबरानं आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांत 'संगतरा' लिहून ठेवलाय. रंगानं नारंजासारखा, पण गुळगुळीत सालीचा, आकारानं लहान. बाबर वारला १५३०ला. उत्तरेतल्या मैदानात हे फळ आपलं म्हणून मोजलं जात होतं, तेव्हा पोर्तुगीज अजून किनारा धरून होते. शिवाय सिंत्राचं संत्रा होईल, पण मधला 'ग' कुठून येईल? गळायला अक्षरं लागतात, उगवायला कारण लागतं. हे मीच वर्गात शिकवत होते.

"आई, झोप आता," लेक म्हणाली.

मी पंचवीस गुणिले ऐंशी असा हिशेब करत होते. दोन हजार पोरं.

चौथा दिवस : कोइंब्रा

सकाळी कोइंब्राची गाडी. विद्यापीठाचं जुनं ग्रंथालय सोनेरी, अठराव्या शतकातलं. त्यात वटवाघळं राहतात आणि रात्री पुस्तकांतले किडे खातात, म्हणून संध्याकाळी टेबलांवर कातडी आच्छादनं टाकतात. ह्यांना ग्रंथालयापेक्षा ती व्यवस्था आवडली.

माझं तिथे येण्याचं कारण वेगळं होतं. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दकोश इथल्याच विद्यापीठ मुद्रणालयानं १९१९ आणि १९२१ साली दोन खंडांत छापला. शेवटच्या वर्षांत दोन्ही पाय कापावे लागले होते, तरी माणूस लिस्बनमध्ये बसून पूर्वेकडच्या भाषांतले शब्द एकेक करून वेचत होता. आपले पगार, चावी, बटाटा, मेस्त्री हे पोर्तुगीज आहेत ही यादी आता प्रत्येकाच्या फोनवर फिरते. कुणीतरी ते आधी बसून, पुरावे लावून पाहिलं होतं. यूलनं इंग्रजाच्या कानानं ऐकलं. दालगादोंच्या कानात कोकणी, मराठी, पोर्तुगीज, संस्कृत एकदम होत्या.

त्यांच्या वाटेनं बघितलं की नकाशावरची नावंही उलगडतात. पोर्तुगीजांना आपल्या शब्दांच्या शेवटी नाकात सूर लावायची खोड. मुंबईचं 'बोंबईं', वसईचं 'बसईं', पालखीचं 'पालांकीं'. इंग्रजांनी ते ऐकलं आणि लिहिलं 'बॅसीन', 'पॅलंक्वीन'. इंग्रजीत शेवटी जो न वाजतो तो आपला नाही, त्यांच्या नाकातला आहे. 'बोम बाइया' म्हणजे चांगली खाडी, म्हणून बॉम्बे, हीसुद्धा सिंत्राच्याच जातीची गोष्ट.

पाचवा दिवस : पोर्तु

जात हा शब्द काल सहज लिहून गेले. आज तो बाटलीवर दिसला.

दोरू नदीपलीकडे गायामध्ये वाईनच्या लांबलचक कौलारू वखारी आहेत, आणि त्यांच्यावर सँडमन, टेलर, ग्रॅहम अशी नावं. १७०३च्या तहानं पोर्तुगीज वाईनवर इंग्लंडात फ्रेंच वाईनपेक्षा कमी कर लागला आणि या गावाचं नशीब फिरलं. वाईनला इंग्रज 'पोर्ट' म्हणतात, गावाला 'ओपोर्टो'. त्यातला 'ओ' म्हणजे पोर्तुगीजमधलं पुल्लिंगी उपपद, 'ते बंदर' मधलं 'ते'. इंग्रजानं ते नावाचाच भाग समजून गिळलं. पण पोर्तुगीजांनी हसायचं कारण नाही. साखरेला ते 'असूकर' म्हणतात, कापसाला 'आल्गुदाँव'. पुढचा 'अ' आणि 'आल्' हे अरबी उपपद, ते त्यांनी तसंच गिळलं होतं.

ह्यांनी एक पेला चाखायला घेतला, मी बाटलीवरचं वाचत बसले. एका ओळीवर मोठ्या अक्षरांत 'कास्तास'. खाली तीन-चार नावं. मी लेकीला विचारलं. द्राक्षाचे वाण, ती म्हणाली. कुठल्या वाणांची वाईन आहे ते लिहितात.

'कास्ता' म्हणजे वाण, पैदास, कूळ. द्राक्षाची, घोड्याची, कुत्र्याचीही. सोळाव्या शतकात किनाऱ्यावर उतरलेल्या माणसानं आपल्याकडे पाहिलं, आणि त्याला जो शब्द सुचला तो हा. गोव्यात राहिलेला, काही काळ मुंबई बेट खंडानं घेतलेला वैद्य गार्सिया द ओर्ता १५६३च्या आपल्या ग्रंथात लिहितो, की इथे कुणी बापाचा धंदा सोडत नाही, आणि चांभार असतील ते सगळे एकाच कास्ताचे. तिथून तो शब्द इंग्रजीत 'कास्ट' झाला आणि पुढे जनगणनेत, प्रमाणपत्रात, आपल्या अर्जांवर परत आला. आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या अर्जावर जातीचा रकाना इंग्रजीत असायचा. पोरं तो भरताना खाली मान घालत. मी तो शब्द शेकडो वेळा मोठ्यानं वाचून दाखवलाय, "कास्ट लिहिलीस का?" आणि तो इथे वाईनच्या बाटलीवर निवांत बसलेला, त्याचं कुणाला काही नाही.

हे म्हणाले, "काय झालं?" मी बाटली त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. पेला तसाच राहिला.

संध्याकाळी बोल्याँव मंडईत गेलो. संत्र्यांची लहान, सैल सालीची बहीण तिथे ढिगानं होती. नाव 'तांझरीना', म्हणजे मोरोक्कोतल्या टँजिअर बंदराची. "आम्ही ह्याला लंडनमध्ये मँडरिन म्हणतो," लेक म्हणाली. सोलली, तोच वास. डोळे मिटले असते तर वरुडच्या एखाद्या बागेत उभी आहे असं वाटलं असतं. मग लक्षात आलं. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिच्या कागदांत आपल्या संत्र्याला 'नागपूर मँडरिन' म्हणतात.

आणि मँडरिन कोण? संस्कृत 'मंत्रिन्'. तो मलय भाषेत गेला, 'मंतेरी' झाला. मलाक्क्यात पोर्तुगीजांनी ऐकला, त्यांच्याकडे हुकूम देणे या अर्थाचा 'मंदार' होताच, दोघांचं मिळून 'मंदारीं' झालं. चीनच्या अधिकाऱ्यांना ते मंदारीं म्हणू लागले, इंग्रजांनी तेच उचललं. फळाला हे नाव त्या अधिकाऱ्यांच्या केशरी-पिवळ्या पोशाखावरून पडलं असावं असं म्हणतात.

"अहो," मी म्हटलं, "आपलं संत्रं म्हणजे मंत्री आहे."

"मंत्री-संत्री दोन्ही?" हे म्हणाले. "नागपूरला सांगायला पाहिजे."

सहावा-सातवा दिवस : परत

विमानतळावर लेकीचा निरोप, मुंबई, पुन्हा विमान. लिहिण्यासारखं काही नाही. लेकीनं मार्मेलादाचा डबा सामानात कोंबला, तो तपासणीत दोनदा उघडावा लागला.

नागपूरला उतरलो तेव्हा अधिवेशन सुरू झालं होतं. वर्धा रोडवर पोलिसानं टॅक्सी थांबवली. समोर दोऱ्या बांधलेल्या, लोक ताटकळलेले. बाजूला हातगाडीवर संत्र्यांचा ढीग, आंबिया बहाराची, पानासकट. मी काच खाली करून भाव विचारला. तितक्यात लांबून भोंगे ऐकू आले आणि काळ्या काचांच्या गाड्या एकामागून एक जाऊ लागल्या.

ड्रायव्हर वैतागला. "किती वेळ लागून राहिला, साहेब?"

"थांब गा," हे म्हणाले. "मँडरिनची कोंबॉयु जाऊन राहिली."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी संत्री मोजून घेत होते.